स्तनातली गाठ: तपासताना काय करावे, काय टाळावे

बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी कोणती, हे नुसत्या हाताला कळत नाही. डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी-मॅमोग्राफी आणि सुईने घेतलेला नमुना, या तिघांचं जुळलं तरच निदान पक्कं.

काय करावे

- गाठ लागली की सर्जनला दाखवा. एक पाळी थांबून बघायचं का, हे त्यांना ठरवू द्या.
- आधी सोनोग्राफी-मॅमोग्राफी, मग सुई. सुईने आत रक्त साकळलं, तर गाठीचा खरा आकार कळत नाही.
- तरुण वयात सोनोग्राफीपासून सुरुवात होते. दाट स्तन आणि गाठ, दोन्ही मॅमोग्राफीत पांढरीच दिसतात. चाळिशीनंतर सहसा दोन्ही तपासण्या लागतात.
- जुन्या फिल्म आणि रिपोर्ट सोबत न्या.
- रिपोर्टमधला बाय-रॅड्स आकडा विचारून घ्या. 0 म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रं हवीत. 3 म्हणजे कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांच्या आत. बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात. 4 किंवा 5 असेल तर नमुना घ्यावाच लागतो.
- संशय असेल तर कोअर बायोप्सीबद्दल विचारा. एफएनएसीत बारीक सुईने सुट्या पेशी येतात. कोअरमध्ये जागा बधिर करून जाड सुईने शेवईसारखे तुकडे काढतात. कॅन्सर दुग्धनलिकेतच आहे की बाहेर पडलाय, हे त्यातून समजतं. कोणती औषधं लागू पडतील हे सांगणाऱ्या ईआर, पीआर, हर-2 या चाचण्याही त्यावर होतात.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर आधीच सांगा.

काय टाळावे

- ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणू नका. कॅन्सरची गाठ बरेचदा दुखत नाही.
- मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर, डिओडोरंट नको. त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात.
- ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने तपासणी टाळू नका.
- एफएनएसीत ‘नमुना अपुरा’ आलं, तर त्याचा अर्थ नॉर्मल असा घेऊ नका. नमुना पुन्हा द्या.
- सोनोग्राफी संशयास्पद आणि सुईचा रिपोर्ट साधा, असं झालं तर साध्या रिपोर्टवर विसंबू नका. पुन्हा बायोप्सी करायची का, हे विचारा.
- ‘आधी काढून टाकू, मग बघू’ याला घाईने होकार देऊ नका. कॅन्सर निघाला तर दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं.
- तुकड्याची फॉर्मॅलिनची बाटली नातेवाइकांच्या हाती दिली असेल, तर ती घरी ठेवू नका. त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये 72 तासांपेक्षा जास्त राहिला, तर पुढच्या चाचण्या बिघडू शकतात.
- पुरुषांनीही गाठ लपवू नये. त्यांनाही हा कॅन्सर होतो, आणि तपासण्याही याच.