परत येणारे दान

दारी आलेल्या भुकेल्याला पसाभर धान्य घालणारे हात आपल्या देशात कधीच कमी नव्हते. जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांनी दानाची आणखी एक वाट शोधून काढली.

त्या काळी सनदी सेवेची परीक्षा केवळ लंडनला होत असे. ती हिंदुस्थानात देण्याची सोय १९२२ साली झाली. देशाच्या कारभारात मानाची जागा हवी, तर आधी समुद्र ओलांडावयास हवा, आणि त्यासाठी लागणारा पैसा मोजक्याच घरी होता. बुद्धी मात्र काही घर पाहून जन्मास येत नाही!

इ. स. १८९२ मध्ये जमशेटजींनी परदेशातील उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. आरंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. थोड्याच वर्षांत तो सर्वांना खुला झाला. त्याच्या पहिल्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा या स्त्री-डॉक्टर होत्या. निधीतून पैसा मिळे तो कर्जाऊ. शिकून कमावते झाल्यावर तो फेडावयाचा आणि मग तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती पडावयाचा. दान देऊन परत मागणे काहीसे कोरडे वाटेल खरे. परंतु त्यामुळे घेणाऱ्याची मान ताठ राहते, आणि उपसलेली विहीर झऱ्याने पुन्हा भरावी तसा निधीही भरत राहतो.

केरळातील उळवूर या खेड्यात एका गरीब दलित वैद्याच्या घरी के. आर. नारायणन यांचा जन्म झाला. भातखाचरांतून रोज सुमारे १५ किलोमीटर चालून ते शाळेस जात. कित्येकदा फी थकलेली असे. मग वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकावा लागे. पुस्तके विकत घेणे तर दूरच. दम्यामुळे घरीच असलेला थोरला भाऊ इतरांची पुस्तके मागून आणी, ती हाताने उतरून काढी आणि धाकट्याला देई. अशा अभ्यासावर नारायणन इंग्रजी साहित्यात एम. ए. झाले, तेही पहिल्या वर्गात. पण पुढे काय? विलायतेचे भाडे त्या घरात कोठून येणार?

१९४५ साली टाटा निधीच्या साहाय्याने ते लंडनला गेले. तेथे त्यांनी हॅरल्ड लास्की या नामवंत अध्यापकांच्या हाताखाली राज्यशास्त्राचे अध्ययन केले. स्वदेशी परतल्यावर १९४९ मध्ये ते परराष्ट्र सेवेत दाखल झाले आणि पुढे चीन व अमेरिका या देशांत भारताचे राजदूत होते.

कोल्हापुरास जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हेही १९५७ मध्ये याच निधीच्या आधारे केंब्रिजला गेले होते. विज्ञानकथांमुळे ते मराठी मुलांच्या चांगल्या परिचयाचे आहेत.

२५ जुलै १९९७ रोजी नारायणन यांनी भारताचे राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. वर्गाबाहेर उभा राहून धडा ऐकणारा मुलगा आता राष्ट्रपतिभवनात राहावयास आला होता. जमशेटजींना जाऊन तेव्हा ९३ वर्षे झाली होती.