चावीसारखे दिसणारे अक्षर

मारुंजीच्या आमच्या वर्गात एके संध्याकाळी एक आजी जरा लवकरच आल्या. पाटी घेण्याआधी त्यांनी पदराची गाठ सोडली. गाठीत पितळेचे एक छोटे लॉकेट होते. ते त्यांनी आमच्यापुढे धरले आणि विचारले, "गुरुजी, ह्ये कंचं अक्षर हाय? समदी बाराखडी धुंडली, घावलं न्हाई."

आम्ही पाहिले. वर एक लांबट वाटोळे. त्याखाली एक आडवी रेघ. मधून खाली आलेली एक उभी रेघ. जुन्या कुलपाची चावी उभी धरावी, तसा आकार.

लॉकेट आजींच्या नातवाने आणले होते. नातू हिंजवडीला कंपनीत कामाला जातो. त्याच्या आईला, म्हणजे आजींच्या सुनेला, रक्तदाबाचा त्रास आहे. विकणाऱ्याने नातवाला सांगितले की हे मिसर देशाचे जिवाचे चिन्ह आहे, गळ्यात असले की दुखणे येत नाही. पोराने आईच्या मायेपोटी ते घेतले. सुनेने गळ्यात घातले, आणि चार दिवस गोळ्याच घेतल्या नाहीत! आजोबांचे म्हणणे निराळे होते. "हा क्रूस हाय. आपल्या घरात नगं," म्हणून ते रुसून बसले होते. एका इवल्याशा लॉकेटने घरात दोन भांडणे लावली होती.

आजींनी मात्र भांडण केले नाही. त्या म्हणाल्या, "आदी वाचून तर बघू, काय लिवलंय." आम्हाला हे फार आवडले. तो सारा पाठ मग आम्ही त्या लॉकेटवरच घेतला. तोच येथे देत आहोत.

मिसर म्हणजे इजिप्त देश. तो आफ्रिका खंडात आहे. तिथे नाईल नावाची मोठी नदी वाहते. नदीच्या दोन्ही काठांना काळी माती आणि हिरवी शेते, आणि त्यापलीकडे नुसते वाळवंट. पाऊस जवळजवळ नाहीच. जुन्या काळी दरवर्षी नाईलला पूर येई, पूर ओसरला की मागे गाळ राही, आणि त्या गाळात लोक गहू-जव पेरीत. आपल्या मुळशीत पाऊस धो धो पडतो, त्यामुळे पाण्यासाठी नदीकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, ते आपल्याला चटकन कळायचे नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसाला मात्र ते लगेच कळेल.

या लोकांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी लिहायला सुरुवात केली. त्यांची अक्षरे म्हणजे चित्रेच होती. घुबड, साप, पाय, हात, पाणी. आपण अक्षरे गिरवतो, ते पक्षी आणि प्राणी गिरवीत. लॉकेटवरचा आकार हे त्यांतलेच एक अक्षर आहे. त्याचा उच्चार साधारण 'अंख' असा करतात.

आता गंमत पाहा. त्यांच्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी काही नव्हते. (हे सांगताच वर्गातल्या दोघीतिघींनी सुटकेचा श्वास सोडला. वेलांटीने सगळ्यांनाच छळले आहे.) पण त्यात अडचणही मोठी होती. आपण नुसते 'क' आणि 'ळ' लिहिले, तर वाचायचे काय? कळ, काळ, कूळ, की केळ? म्हणून ते शब्दाच्या शेजारी आणखी एखादे चित्र काढीत, म्हणजे अर्थ कळे.

'अंख' या शब्दाचा अर्थ जीव, जगणे. त्याच व्यंजनांचा त्यांचा आणखी एक शब्द होता, त्याचा अर्थ वहाणेचा पट्टा. वर घोट्याभोवती जाणारे वेटोळे, खाली बंद. त्यावरून काही पंडित म्हणतात, हा आकार मुळात वहाणेच्या पट्ट्याचाच असावा. पट्ट्याचे चित्र काढायचे आणि 'जीव' वाचायचे. दुसरे काही म्हणतात, ही कापडाची किंवा दोरीची गाठ आहे. यावर पंडितांचे एकमत नाही. आम्हाला स्वतःला वहाणेची गोष्ट पटते. जीव कशाने दाखवायचा? जीव तर दिसत नाही. मग कानाला सारखी लागणारी, हाताशी असलेली वस्तू घेतली आणि तिच्याकडून काम करून घेतले. लिहिण्याची कला अशाच युक्तीने वाढली आहे.

मिसरच्या देवळांच्या भिंतींवर हे चिन्ह जागोजागी कोरलेले आहे. देवाच्या हातात ते असते. कित्येक चित्रांत देव ते राजाच्या नाकापुढे धरतो. नाकापुढेच का? कारण श्वास नाकाने आत जातो, आणि श्वास आहे तोवर जीव आहे. काही चित्रांत देव राजाच्या डोक्यावर घागरीने पाणी ओततात, आणि पाण्याच्या धारेच्या जागी ही चिन्हेच एकाखाली एक ओघळताना दाखवली आहेत. पाणी म्हणजे जीव, हे त्यांनी असे लिहून ठेवले.

मग विकणारा खरेच सांगत होता काय? अर्धे खरे. चिन्ह जिवाचे आहे, हे खरे. दुखणे येत नाही, हे खोटे. याचा दाखला मिसरमध्येच आहे. तिथे तुतनखामुन नावाचा एक राजा होऊन गेला. त्याच्या नावातच 'अंख' आहे. 'आमुन देवाची जिवंत मूर्ती' असा नावाचा अर्थ. म्हणजे नाव लिहिताना दर वेळी हे चिन्ह काढावे लागे. १९२२ साली हॉवर्ड कार्टर या इंग्रजाला त्याची कबर सापडली. आत सोन्यानाण्याच्या ढिगात या चिन्हाच्या वस्तूही होत्या. आरशाची पेटीसुद्धा याच आकाराची. एवढे असून तो राजा वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास वारला. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नाव, सोने, चिन्ह, सारे जवळ होते. आजींची सून हे ऐकायला त्या दिवशी वर्गात आली होती. ती काही बोलली नाही, पण लॉकेटाकडे बराच वेळ पाहत राहिली.

आजोबांच्या शंकेचेही सांगू. हे चिन्ह ख्रिस्ताच्या जन्माआधी सुमारे तीन हजार वर्षे वापरात होते, तेव्हा मुळात तो क्रूस नाही. पुढे मिसरचे लोक ख्रिस्ती झाले. त्यांना हा जुना आकार क्रुसाच्या जवळचा वाटला, म्हणून त्यांनी तोही आपलासा केला. जुनी लिपी मात्र हळूहळू मागे पडली. या चित्राक्षरांतला शेवटचा लेख सन ३९४ मधला आहे. त्यानंतर वाचणारे कोणी उरले नाही. चौदाशे वर्षे भिंतीवर अक्षरे होती, पण ती मुकी होती. आपल्या घरांत आजोबा-पणजोबांचे मोडी कागद पेटीत पडून असतात, आणि घरात ते कोणाला लागत नाहीत. तशीच ही गत, पण साऱ्या देशाची.

१७९९ साली रोझेटा गावाजवळ फ्रेंच शिपायांना एक काळी शिळा सापडली. तिच्यावर एकच हुकूम तीन लिप्यांत कोरलेला होता. त्यांतली ग्रीक लिपी विद्वानांना येत होती. चित्राक्षरांत राजाचे नाव लांबट कड्यात लिहिण्याची रीत होती. त्या नावाचा धागा धरून शांपोलियों या फ्रेंच पंडिताने १८२२ साली लिपी उलगडली. त्या शिळेवर टॉलेमी राजाच्या नावापुढे कड्यातच हे चावीसारखे अक्षर आहे. तिथे वाचायचे 'सदा जिवंत राहणारा'.

हे सांगितले तेव्हा मागून एक गृहस्थ म्हणाले, "म्हंजे आपलं चिरंजीवच की!" अगदी बरोबर. लग्नपत्रिकेत नावाआधी आपण 'चि.' लिहितो, तो हाच आशीर्वाद. ओवाळताना आपण औक्षण म्हणतो. औक्ष म्हणजे आयुष्य.

मग वर्गात बोलणे निघाले, आपल्याकडे जिवाचे चिन्ह कोणते? कोणी म्हणाले दिवा, कोणी म्हणाले तुळस. बायकांनी एकमताने सांगितले, घट. आणि ते खरे आहे. नवरात्रात आपण परडीत माती घालतो, धान्य पेरतो, वर पाण्याचा घट ठेवतो. घटाचे पाणी पाझरते, माती ओलावते, नऊ दिवसांत पिवळेधमक कोंब वर येतात. दसऱ्याला तेच कोंब टोपीत खोवतो. लग्नात कलश लागतो. आणि माणूस गेला की खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडून पाणी वाहू देतात, शेवटी मडके फोडतात. जीव आला तो घटात, गेला तो घटातून.

ही समजूत जुनी आहे. आपल्यापैकी बरेच जण एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला गेले असतील. देवळाशेजारीच लेणे आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेले. पुढच्या खेपेला आत जाऊन खांबांच्या बुडाशी पाहा. दोन्ही बाजूंचे खांब दगडी मडक्यात उभे केल्यासारखे दिसतात. खांबांवर दान देणाऱ्यांची नावेही कोरली आहेत.

आणि मिसरचे काय? तुतनखामुनच्या कबरीत एक लाकडी चौकट सापडली. ती ओसायरिस या देवाच्या आकाराची होती. हा देव मेला आणि पुन्हा जिवंत झाला, अशी त्यांची कथा. चौकटीत नाईलचा गाळ भरून त्यात जव पेरले होते, आणि ते अंधारात उगवून आले होते. एवढ्या लांब, एकमेकांना न पाहिलेले लोक, पण त्यांची चौकट आणि आपली परडी शेजारी ठेवावी अशी.

पुढच्या आठवड्यात आजी आल्या. सुनेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. लॉकेट सुनेने गळ्यातच ठेवले आहे. "पोराच्या मायेचं हाय, ऱ्हाऊ दे," असे ती म्हणाली म्हणे. आजोबांनीही राग सोडला, पण 'मी आधीच ओळखलं होतं' असे ते आता सांगतात. आजींनी पाटीवर नातवाचे नाव लिहिले. नावाआधी 'चि.' लिहिताना वेलांटी चुकली. ती पुसून त्यांनी पुन्हा लिहिली.

तुमच्या घरी घट बसतो का? परडीत कोणकोणते धान्य पेरता? पाच ओळी लिहून आणा.