शहरातील पादचाऱ्यांची गुप्त संकटे



चालणे ही मनुष्य शिकतो त्या विद्यांपैकी अगदी पहिली विद्या होय. अक्षरे गिरवावी लागतात, पाढे घोकावे लागतात. चालणे मात्र एकदा साधले म्हणजे त्याविषयी पुन्हा विचार करण्याचे कारण आपणांस सहसा पडत नाही. खेड्यातील वाटसरू दगड, काटा, विंचू ह्यांकडे नजर ठेवून चालण्यास लहानपणीच शिकतो. शहरातील मनुष्याची गोष्ट निराळी. पायाखाली फरशी आहे, तेव्हा फरशीखाली जमीनही आहेच, असे तो गृहीत धरून चालतो. ह्या गृहीताचीच थोडी परीक्षा प्रस्तुत पाठात करावयाची आहे.

प्रथम विषयाचे महत्त्व पाहू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. भागाकार करून पाहा: दररोज सुमारे नव्वद पादचारी, म्हणजे आपल्या शाळेतील दोन वर्ग भरतील इतकी माणसे, घरून निघाली ती परत आली नाहीत.

संकटे दोन प्रकारची असतात, प्रकट व गुप्त. भरधाव येणारी मोटार हे प्रकट संकट. ते दिसते म्हणून मनुष्य थबकतो, आणि थबकतो म्हणून बहुधा वाचतो. गुप्त संकट दिसत नाही. त्यामुळे चांगला शहाणासुरता मनुष्यही सरळ त्याच्या तोंडात चालत जातो. ह्या संकटांचे पायाखालची, पाण्यातली, बाजूची व डोक्यावरची असे चार वर्ग केले असता विषय ध्यानात राहण्यास सोपा जाईल. उदाहरणे मुंबईची घेतली आहेत. तथापि अन्य शहरांतील वाचकांस आपापल्या रस्त्यांवर ती सहज ओळखता येतील.

१. पायाखालची

शहराच्या रस्त्याखाली दुसरे एक शहर वसलेले असते. सांडपाण्याच्या वाहिन्या, पर्जन्यजलाच्या वाहिन्या, पिण्याच्या पाण्याचे नळ, विजेच्या तारा असा त्याचा मोठा पसारा आहे. वाहिन्या साफ करण्यासाठी खाली उतरता यावे म्हणून ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असतात. त्यांस मॅनहोल म्हणतात. त्यांवर जड झाकण असते, आणि ते जागेवर आहे तोवर भिण्याचे कारण नाही.

झाकण जागेवरून जाण्याची कारणे चार. ओतीव लोखंडास भंगारात किंमत येते म्हणून ते चोरीस जाते. अवजड वाहनांच्या येरझाऱ्यांनी चौकट खचून ते कलते. अतिवृष्टीत वाहिनी तुडुंब भरली म्हणजे पाण्याचा दाब त्यास खालून उचलतो. चौथे कारण मनुष्याच्या चांगल्या हेतूतूनच उद्भवते, आणि त्याचे उदाहरण मुंबई अद्याप विसरलेली नाही.

२९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत अतिवृष्टी झाली. पोटाच्या विकारांचे एक नामांकित डॉक्टर पाण्यात अडकलेली मोटार सोडून प्रभादेवी भागातील आपल्या घराकडे पायी निघाले. घर फारसे दूर नव्हते. वाटेत साचलेल्या पाण्याखाली एक मॅनहोल उघडे होते. त्यांची छत्री तेवढी मिळाली. देह दोन दिवसांनी वरळीस सापडला, कारण पर्जन्यजलाच्या वाहिन्या अखेर समुद्रास मिळतात. साचलेले पाणी लवकर ओसरावे म्हणून परिसरातील लोकांनीच झाकण काढले होते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. झाकण काढणाऱ्यांच्या मनात कोणाचे वाईट करावयाचे खचित नव्हते. आपल्या दारातील पाणी जावे एवढीच त्यांची इच्छा. परंतु दारातील पाणी गेले, आणि ज्याने शेकडो रुग्णांस बरे केले असा एक मनुष्यही त्याबरोबर गेला.

पुढे महानगरपालिकेने पाणी तुंबणाऱ्या भागांतील मॅनहोलांत झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसविण्यास आरंभ केला. तरीही २५ सप्टेंबर २०२४ रोजी अंधेरी भागात मुसळधार पावसात एक स्त्री उघड्या नाल्यात पडून मरण पावली. ह्यावरून बोध इतकाच की, रस्त्याचा तळ दिसत नसेल तर त्यावर पाऊल न टाकणे हाच पहिला उपाय. शाळेत किंवा दुकानाच्या ओट्यावर दोन तास थांबावे लागले तरी थांबावे. जाणे अगदीच अटळ असेल, तर काठीने अथवा मिटलेल्या छत्रीने पुढील जागा चाचपावी आणि मगच पाऊल टाकावे. पाण्यावर लहानसा भोवरा फिरताना दिसला, तर खाली तोंड उघडे आहे असे समजून दूर व्हावे.

२. पाण्यातली

साचलेले पाणी आणखीही तीन संकटे आपल्या पोटात दडवून ठेवते. पहिले, त्याचा जोर. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलोग्रॅम भरते. असे पाणी वेगाने वाहत असेल, तर अवघ्या १५ सेंटिमीटर खोलीतही ते धडधाकट मनुष्याचे पाय उचलू शकते. घोट्याच्या वर आले नाही म्हणून ते निरुपद्रवी असे समजू नये.

दुसरे संकट विजेचे. खांबातील तारेचे वेष्टन फाटले असता ओला खांब व त्याभोवतालचे पाणी ह्यांत वीज उतरते. डोळ्यांस मात्र काहीच दिसत नाही. पावसात विजेच्या खांबास, लोखंडी कठड्यास किंवा रस्त्यावरील विजेच्या पेटीस हात लावू नये. तार तुटून पडलेली दिसल्यास जवळ जाऊ नये. आपण जवळ आहोतच असे आढळले, तर लांब ढांगा टाकीत पळणे घातक ठरते, कारण दोन पावलांमधील अंतर वाढले की त्यांमधील विद्युत्-दाबाचा फरकही वाढतो. पाय एकमेकांस लावून, ते न उचलता, घसटत घसटत दूर सरकावे.

तिसरे संकट रोगाचे. उंदरांच्या मूत्रातील सूक्ष्म जंतू पुराच्या पाण्यात मिसळतात आणि पायावरील बारीकशा जखमेतून शरीरात शिरतात. ह्या रोगास लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पूर ओसरल्यावर ह्या रोगाने मुंबईत अनेकांस गाठले. म्हणून पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत, जखम असल्यास डॉक्टरांस विनाविलंब दाखवावी, आणि पुढील काही दिवसांत ताप आला तर आपण पाण्यातून चाललो होतो हे त्यांस आठवणीने सांगावे. रोगाची ओळख पटण्यास ह्या एका वाक्याचे फार साहाय्य होते.

३. बाजूची

पदपथ हा पादचाऱ्याचा किल्ला होय. परंतु त्याच्या तटास जागोजागी खिंडारे पडलेली असतात. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ सालच्या निर्देशांप्रमाणे पदपथावर चालण्यास निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि त्याची कड १५० मिलिमीटरहून उंच नसावी. फूटपट्टी घेऊन आपल्या घरापुढील पदपथ मोजून पाहा. दुचाक्या, वाळूचे ढीग, दुकानांच्या पायऱ्या ह्यांमुळे मोकळी जागा कित्येकदा हातभरही उरत नाही. मग पादचारी खाली उतरतो, आणि त्याची पाठ वाहनांकडे असते. हेच ते गुप्त संकट. वृद्धांस व अंधांस ते दुप्पट असते. अंध मनुष्याने काठीने वाट ओळखावी म्हणून बसविलेल्या पिवळ्या उठावदार फरश्यांवर आपण सायकल लावली, तर ती त्याच्या डोळ्यांवर हात ठेवण्यासारखीच कृती होय.

वाहनाच्या बाबतीत थोडे गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. तुम्ही दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा; पुढे कोरड्या रस्त्यावर वाहन थांबण्यास आणखी सुमारे १४ मीटर लागतात. एकूण २८ मीटर झाले, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून पुष्कळच अधिक. वेग ताशी ३० असता हेच अंतर १३ मीटरांच्या आसपास येते. रस्ता ओला असेल तर दोन्ही अंतरे वाढतात. म्हणून थांबलेल्या बसच्या पुढून एकाएकी धावत निघणाऱ्या मुलास, चालकाने कितीही दक्षता घेतली, तरी वाचविणे त्याच्या हाती राहत नाही. बस निघून जाऊ द्यावी आणि मग रस्ता ओलांडावा.

अलीकडे विजेवर चालणाऱ्या बसगाड्या व दुचाक्या रस्त्यावर आल्या आहेत. हवेच्या दृष्टीने हे इष्टच झाले. परंतु सावकाश जाताना त्यांचा आवाज जवळजवळ होत नाही. आजवर पादचारी डोळ्यांइतकाच कानांवर विसंबत असे. तो आधार आता अपुरा झाला आहे. कानात गाण्याची नळकांडी खुपसून चालणाऱ्याने तर तो आपण होऊनच टाकून दिला आहे. एकदिशा रस्त्यावरही दोन्ही बाजूंस पाहावे, कारण उलट दिशेने येणारे बेशिस्त स्वार थोडे नाहीत.

४. डोक्यावरची

१४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसाजवळील पादचारी पुलाचा भाग कोसळून माणसे ठार झाली. तत्पूर्वी झालेल्या तपासणीत तो पूल वापरण्यास योग्य ठरविण्यात आला होता. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोल पंपावर पडला आणि सतरा माणसे मेली. नियमाप्रमाणे फलक फार तर ४० फूट रुंद व ४० फूट उंच असावा; तो होता १२० फूट रुंद व १२० फूट उंच. लांबी तिप्पट झाली म्हणजे क्षेत्रफळ नऊपट होते, आणि वारा ढकलतो तो क्षेत्रफळास. शाळेतील भूमितीचा हा धडा फलक उभारणाऱ्यांनी ध्यानात घेतला असता तर! तुम्ही मात्र तो घ्यावा: वादळात फलक, जुने झाड, अथवा बांधकामाची परांची ह्यांखाली आडोसा शोधू नये. भिजलेला मनुष्य वाळतो.

५. आपले कर्तव्य

येथवर सांगितलेल्या संकटांत एक गोष्ट समान आहे. त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक संकट मनुष्याच्या हाताने, किंवा त्याच्या हयगयीने, निर्माण झालेले आहे. पवित्र शास्त्रात, निर्गमाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, ह्याविषयी एक नियम आढळतो. कोणी खाच उघडून ती झाकली नाही व तीत दुसऱ्याचा बैल अथवा गाढव पडले, तर खाचेच्या मालकाने नुकसान भरून द्यावे, असा त्याचा आशय आहे. तू मुद्दाम केलेस काय, असे तो नियम विचारीत नाही. खाच तुझी होती आणि झाकण तू घातले नाहीस, एवढेच तो पाहतो. ह्या प्राचीन न्यायाचे स्मरण व्हावे असे निर्णय आपल्या न्यायालयांनीही दिले आहेत. पदपथ वापरता येणे हा नागरिकाच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. आणि रस्त्यावरील खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू आल्यास वारसांस सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला.

परंतु भरपाईने गेलेला मनुष्य परत येत नाही. म्हणून कर्तव्य तिघांचे मानले पाहिजे. खाच ज्याने उघडली त्याने ती झाकावी. वाटेने जो चालतो त्याने डोळे उघडे ठेवावेत. आणि ज्याने ती पाहिली व चुकविली, त्याने तसेच पुढे जाऊ नये. हे तिसरे कर्तव्य सर्वांत अधिक विसरले जाते. आपण वाचलो की आपणांस हायसे वाटते, आणि मागून कोणी येत आहे ह्याचा विसर पडतो. उघडे मॅनहोल दिसले तर जवळच्या दुकानदारास सांगून तेथे झाडाची फांदी, पिंप किंवा तांबडे फडके उभे करवावे, वडील मंडळींकडून मुंबई महानगरपालिकेस १९१६ ह्या क्रमांकावर कळवावे, आणि दुसऱ्या दिवशी झाकण बसले की नाही हे जाऊन पाहावे.

कोणी जखमी होऊन पडला असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांच्या चौकशीच्या भयाने पुष्कळ लोक बाजूने निघून जातात. ते भय आता निराधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा साहाय्यकर्त्यास संरक्षण दिले असून, आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेल्या प्रवाशाची गोष्ट तुम्हांस ठाऊकच आहे. त्या वाटेने तिघे गेले. तिघांनीही त्यास पाहिले. थांबला तो एक शोमरोनी.

स्वाध्याय. येत्या रविवारी आईवडिलांपैकी एकास बरोबर घेऊन घरापासून शाळेपर्यंत सावकाश चालत जा. वाटेतील मॅनहोले, विजेच्या पेट्या, अरुंद झालेले पदपथ, कललेली झाडे व फलक ह्यांचा नकाशा काढा. ज्यांविषयी तक्रार करणे अवश्य आहे त्यांपुढे तांबडी खूण करा, आणि नकाशाची एक प्रत आपल्याहून खालच्या इयत्तेतील, त्याच वाटेने येणाऱ्या एखाद्या मुलास द्या.