पाठ १४ : आजीचा क्लास

वाचण्यापूर्वी : जिना चढताना तुम्हाला कधी धाप लागली आहे का? तेव्हा छातीत कसं धडधडत होतं, ते आठवा आणि मग वाचा.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, दुपारी चार वाजता, आमच्या न्यू जर्सीच्या घरात टीव्ही लावायचा नाही. कारण तेव्हा आजीचा क्लास असतो! ती छातीला पट्टा बांधते, टॅबलेटसमोर उभी राहते आणि जागच्या जागी चालते. पट्ट्यावरून तिच्या हृदयाचे ठोके हॉस्पिटलमधल्या बाईंना दिसतात. हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर आहे आणि आजीला गाडी चालवता येत नाही, म्हणून क्लास घरीच.

मी दुसरीत असताना आजीला स्तनाचा कर्करोग झाला होता. तेव्हा तिला डॉक्सोरुबिसिन नावाचं लालभडक औषध शिरेतून देत. या औषधाची गोष्ट इटलीत सुरू होते. १९५० च्या दशकात तिथल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत एक जिवाणू सापडला, आणि पुढे त्याच्यापासून हे औषध तयार झालं. ते कर्करोगाच्या पेशी मारतं, पण काही जणांच्या हृदयाचा स्नायूही दुबळा करतं. कधीकधी हे कित्येक वर्षांनी कळतं.

आजीचं तसंच झालं. मागच्या दिवाळीत तिला जिना चढताना धाप लागायला लागली. ‘वय झालं माझं,’ एवढंच ती म्हणायची. शेवटी आईने तिला डॉक्टरांकडे नेलंच. हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं साधारण ५५ ते ७० टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडायला हवं. आजीचं ४२ टक्केच पडत होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायामाचे ३६ क्लास लिहून दिले.

क्लासमध्ये बाई विचारतात, ‘किती दमलात?’ उत्तर आकड्यात द्यायचं. ६ म्हणजे आरामात बसल्यासारखं, २० म्हणजे आता अगदी होत नाही. आजीने १२-१३ च्या आसपास राहायचं. बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. आजी एकदा चालता चालता खुशाल ओवी म्हणायला लागली. बाई हसून म्हणाल्या, ‘मग जरा भरभर चाला!’

बाई इंग्रजी बोलतात, आजी मराठी. हॉस्पिटल दुभाषा देतं, पण आजीला घरचंच माणूस हवं. म्हणून दुभाषी मी.

होळीनंतरच्या सोमवारी आजीचं वजन दोन दिवसांत पाच पौंडांनी वाढलं होतं. ‘पुरणपोळ्या, दुसरं काय!’ आजी म्हणाली. मग मी तिचे पाय पाहिले. मोजे घोट्याशी रुतले होते.

‘हे तिला सांगू नकोस हं,’ आजी हळूच म्हणाली. ‘उगाच क्लास बंद करतील.’

बाईंनी विचारलं, ‘काय म्हणाल्या त्या?’

मी आजीकडे पाहिलं. मग सांगितलं. पायांना सूज आहे, हे सगळं सांगितलं.

व्यायाम तिथेच थांबला. बाईंनी लगेच डॉक्टरांना फोन केला. अंगात पाणी साठत होतं, पोळ्यांचं वजन इतकं भराभर वाढत नाही. लघवी होण्याची गोळी वाढवली आणि आठवडाभर क्लास बंद. आजी माझ्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही. मग माझ्या ताटात तूप वाढत म्हणाली, ‘घे. चुगलखोर कुठली!’

पुढच्या सोमवारी क्लास सुरू झाला. बाईंनी काही विचारायच्या आधीच आजीने पाय उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. ‘सांग तिला,’ ती मला म्हणाली, ‘आज सूज नाही.’

शब्दार्थ
धाप लागणे – जोरजोरात श्वास घ्यावा लागणे
घोटा – पाय आणि पाऊल यांच्या सांध्याचं हाड
रुतणे – आत घट्ट दाबले जाणे
दुभाषी – एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगणारी
चुगलखोर – दुसऱ्याची गोष्ट जाऊन सांगणारी

भाषेची गंमत : धाप लागते, भूक लागते, ठेच लागते, वाटेत देऊळ लागतं, पाऊस पडायला लागतो. ‘लागणे’ किती कामं करतं पाहा! आणखी तीन वाक्यं तुम्ही लिहा.

प्रश्न
१. आजीला क्लास बंद होण्याची भीती का वाटली असेल?
२. ‘१३’ या उत्तराचा अर्थ काय?
३. तुम्ही दुभाषी असता, तर काय केलं असतं? घरच्यांशी मराठीत बोला आणि मग पाच ओळी लिहा.