गावठी गुलाब: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

गुलकंदाला लागतो तो सुवासिक, झुपक्यांनी फुलणारा गुलाबी गुलाब आता रोपवाटिकेत मुद्दाम मागावा लागतो. ‘गावठी’ म्हणा किंवा ‘एडवर्ड’ म्हणा, जाणता माळी ओळखतो. हा बूर्बाँ घराण्यातला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, म्हणजे तेव्हाच्या बूर्बाँ बेटावर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे घराणं सापडलं. सुवास दमास्क गुलाबाचा आणि पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय चिनी गुलाबाची, असा तो संकर.

आता खर्च. दर पुण्याच्या आसपासचे, अंदाजाने. रोप ८० ते १५० रुपये. ओळखीत कुणाकडे झाड असेल तर तेही वाचतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी पावसाळ्यात कुंडीत खोचली की बहुधा लागते. अशा झाडाला मुळं स्वतःची असतात. डोळा भरलेल्या कलमाला मात्र जोडाखालून खुंटाचे, म्हणजे ज्या झाडावर डोळा भरला त्याचे, फुटवे येतात. ते वेळीच मुळापासून काढले नाहीत तर खुंटच माजतो, वरचा गुलाब मरतो आणि रोपाचे पैसे बुडतात.

बारा इंची कुंडी १५० ते २५०, माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिळून साधारण २५०. छाटणीची चांगली कात्री ५०० च्या पुढे. इथे काटकसर करू नका, बोथट कात्री फांदी चेंगरते आणि तिथूनच मर सुरू होते. म्हणजे पहिल्या वर्षी हजार-अकराशे, पुढे वर्षाला खतापुरते दोन-तीनशे. पाच-सहा तास ऊन नसेल तर मात्र हे सगळेच पैसे वाया.

महागड्या ‘टॉनिक’च्या बाटल्या घेऊ नका. मावा दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा.

छाटणीला माळी बोलावला तर एका खेपेचे ३०० ते ५०० घेतो. मी एकदा दिले. त्याने हायब्रिड गुलाबाच्या हिशेबाने झाड वीतभर ठेवलं आणि त्या हिवाळ्यात जेमतेम चार फुलं पाहिली. जुन्या गुलाबाला एवढी कडक छाटणी सोसत नाही. पाऊस सरला की, ऑक्टोबरच्या मध्यावर, फक्त तिसरा हिस्सा काढा. वाळक्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या तळातून काढा. बाहेर तोंड असलेला डोळा निवडा, त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या. कापलेल्या फांदीचा गाभा पांढरा हवा. तपकिरी दिसला तर आणखी खाली, पांढरा लागेपर्यंत कापा. जाड फांद्यांच्या कापांना बोर्डो पेस्ट लावा.

एरवी फूल कोमेजलं की झुपक्याखालच्या पहिल्या भरदार पानापर्यंत खुडत राहा. फूल येतं ते नव्या फुटीवर, त्यामुळे प्रत्येक खुडणीनंतर पुढचा बहर धरतो.

यंदाची छाटणी स्वतःच्या हाताने करून पाहा. ऑक्टोबरच्या मध्याला कात्री लावली तर डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं येतात.