आपले स्वतःचे पान

आपण अक्षरे शिकलो. सही करू लागलो. पत्रही लिहू लागलो. पण पत्र एकाच घरी जाते. आपल्याजवळची माहिती पुष्कळांना द्यायची असेल तर?

पूर्वी त्यासाठी छापखाना गाठावा लागे. आता मोबाइल पुरतो. इंटरनेटवर आपल्याला स्वतःचे पान काढता येते. सुरुवातीला त्यासाठी संगणकाची खास भाषा शिकावी लागे. पुढे १९९९ साली ब्लॉगर आणि २००३ साली वर्डप्रेस ही साधने निघाली. ती भाषा न येणाऱ्यालाही पान काढता येऊ लागले. अशा पानाला ब्लॉग म्हणतात. ब्लॉग म्हणजे सर्वांना वाचता येईल अशी वहीच. तीत नवे लिखाण वर दिसते, जुने खाली जाते.

समजा, कडुलिंबाचा सुकवलेला पाला घालून धान्य कसे साठवायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग ते असे लिहा :

१. आधी वहीत लिहा. कुणाला तरी वाचून दाखवा. चुका सुधारा.
२. मोबाइलवर गूगलचे खाते उघडा. पासवर्ड कुणाला सांगू नका.
३. ब्लॉगर उघडा. ब्लॉगला नाव द्या. पत्ता इंग्रजी अक्षरांत निवडा. त्याच्या शेवटी ब्लॉगस्पॉट डॉट कॉम असते. याला पैसे पडत नाहीत.
४. नवे पान घ्या. वर मथळा आणि खाली मजकूर मराठीत लिहा. मग प्रकाशित करायचे बटण दाबा.

झाले! आता तो पत्ता लेकीला, भावाला पाठवा.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे पान चव्हाट्यावरच्या फळ्यासारखे आहे. ते कोणीही वाचतो. म्हणून बँकेचा नंबर, आधारचा नंबर, घरातली भांडणे तिथे लिहू नका.

दुसरे, ही जागा आपल्या मालकीची नाही. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी लाखो लोकांनी आपली पाने मांडली होती. २००९ साली कंपनीने अमेरिकेतले ते ठिकाण बंद केले. ज्यांनी नक्कल ठेवली नव्हती, त्यांतल्या कित्येकांचे लिखाण गेले. म्हणून आपली वही जपून ठेवा.

पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही काय लिहिणार?" अहो, तुम्हाला जे येते ते दुसऱ्याला ठाऊक नसते. ते तुमच्याबरोबरच राहिले, तर एक दिवस नाहीसे होईल. लिहिले, तर उरेल.

अभ्यास : तुम्हाला चांगले येणारे एक काम पाच ओळींत लिहा.