जुनी दांड्याची करवत : दुरुस्त करावी की बदलावी?



गाळप हंगाम जवळ आला की कळसाडीसारख्या गावच्या शिवारात बांधावरच्या बाभळी-निंबांची छाटणी निघते. सावलीतल्या उसाला फुटवे कमी येतात, आणि वाटेवर झुकलेल्या फांद्या भरल्या ट्रॉलीला अडतात. पूर्वी बांबूला कोयता बांधून हे काम व्हायचे. आता काही सभासदांकडे लांब दांड्याची पेट्रोल करवत आहे, पण ती जुनी झाली. दोरी ओढून खांदा दुखतो, यंत्र काही धरत नाही. मग माणूस वैतागून म्हणतो, "भंगारात देऊ, नवी आणू." आमचे सांगणे एवढेच, की यंत्राचे वय पाहून निर्णय घेऊ नये. दोष कुठे आहे तो आधी शोधावा, मग खिशात हात घालावा.

1) इंधन. चालू न होणाऱ्या यंत्रात पुष्कळदा इंजिन चांगले असते, बिघाड इंधनाचा असतो. आपल्या उसापासून होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळले जाते. 2025 साली हे प्रमाण देशात सरासरी 20 टक्क्यांवर पोहोचले. उसाला त्याचा आधार आहे, ही चांगलीच गोष्ट. पण बऱ्याच जुन्या छोट्या यंत्रांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. इथेनॉल रबर खराब करते आणि हवेतला ओलावा ओढते. म्हणून इंधनाची नळी कडक झाली का, कार्बोरेटरमधला पातळ पडदा (डायफ्राम) ताठरला का, हे आधी पाहावे. नळी, डायफ्राम, फिल्टर आणि प्लग बदलणे हा किरकोळ खर्च आहे. महिन्यापेक्षा जुने मिश्रण वापरू नये. हंगाम संपला की टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे.

2) इंजिन. दोरी सावकाश ओढून बघा. हाताला जोर लागत असेल तर दाब शिल्लक आहे. दोरी सैल येत असेल तर मेकॅनिककडून सायलेन्सर काढून पिस्टन पाहून घ्या. त्यावर उभे ओरखडे असतील तर ऑइल कमी पडून पिस्टन घासला आहे. हे दुखणे महागाचे. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे वंगण नसते, पेट्रोलमधले ऑइल हेच त्याचे वंगण. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिले असेल तर 1 लिटर पेट्रोलला 20 मिली ऑइल, 25 ला 1 असेल तर 40 मिली. अंदाजे ओतू नये.

3) साखळी. लाकडाचे कीस न पडता नुसता भुसा पडत असेल तर साखळी बोथट आहे. कानस मारली की काम भागते. त्यासाठी यंत्र बदलायचे कारण नाही.

4) जिवाची गोष्ट. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही साखळी फिरत राहिली तर काम तिथेच थांबवावे. स्क्रू सैल करून वा क्लच दुरुस्त करूनही ती थांबत नसेल, दांडा वाकला वा तडकला असेल, तर ते यंत्र कितीही प्रिय असो, वापरातून काढावे.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते धरा. नवी करवत 20,000 रुपयांची व 8 वर्षे चालली, तर वर्षाला 2,500 पडले. दुरुस्तीला 4,000 लागले आणि यंत्र 4 हंगाम चालले, तर वर्षाला 1,000. पण तीच दुरुस्ती एकाच हंगामात संपली, तर 4,000. म्हणून मेकॅनिकला "खर्च किती?" एवढेच विचारू नका. "किती हंगाम काढील आणि सुटे भाग मिळतील का?" हेही विचारा. पिस्टन-सिलिंडर गेले आणि भाग मिळत नाहीत, तर जुन्यात पैसे घालू नयेत.

वर्षातून चार दिवस लागणारे यंत्र प्रत्येकाने का घ्यावे, हाही प्रश्न आहे. चार बांधशेजारी मिळून एक घ्या, किंवा अवजारे बँकेतून भाड्याने आणा. बॅटरीची करवत धूर करीत नाही, मिश्रणाची कटकटही नाही. बारीक फांद्यांना ती पुरते, पण वाळक्या बाभळीच्या जाड लाकडावर बॅटरी लवकर उतरते.

यंत्र नवे असो की जुने, विजेच्या तारेजवळ ते उचलूच नये. धातूच्या दांड्यातून वीज उतरते, आणि बॅटरीचे यंत्रही त्याला अपवाद नाही. महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय तारेलगतच्या फांदीला हात लावू नये. फांदीच्या थेट खाली उभे राहू नये, आणि बाकीच्यांनी किमान 15 मीटर लांब राहावे. गरम सायलेन्सर पाचटावर टेकवू नये. एका ठिणगीत उभा ऊस जातो.

तेव्हा टोळी येण्याआधीच करवत बाहेर काढा, वरच्या क्रमाने तपासा आणि मगच ठरवा. नळीच्या दोषापायी चांगले यंत्र भंगारात जाऊ नये, आणि चार पैसे वाचवण्यापायी घरचा माणूस धोक्यात येऊ नये.